गूळपोळीबरोबर बान्युल्स

प्लेनो,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाबा,

गुरुवारी फोन ठेवताना तुम्ही विचारलंत, "आवाज बसलाय का तुझा?" मी म्हणाले, लिहून कळवते. म्हणून हे पत्र. अंकुरदादाकडे तुम्ही आलात तेव्हापासून फ्रीमाँट आणि प्लेनो एकाच देशात आहेत, फोन कधीही करता येतो. पण अवघड गोष्ट मला तोंडाने सांगता येत नाही. पाचवीत शाळेत घालेपर्यंत आई मला गणित शिकवायची आणि रविवारी तुम्ही पत्र लिहायला बसवायचात. मग लाल शाईने समासात विचारायचात, "हे खरं आहे, की छान वाटलं म्हणून लिहिलंस?" तो प्रश्न अजून माझ्या खांद्यामागे उभा असतो.

दर दोन ऑक्टोबरला आपण चौघं आणि व्यसनमुक्ती केंद्रातली सगळी मंडळी एकत्र शपथ म्हणतो. "मी दारूचा थेंब तोंडात घेणार नाही. ज्याने ती सोडली आहे, त्याच्या ताटावाटीत ती येऊ देणार नाही." मला नीट वाचताही येत नव्हतं तेव्हापासून मी ही म्हणते. टेक्सासमध्ये शिकायला आल्यावरही फोनवरून म्हटली. या वर्षी तुम्ही सगळ्यांनी म्हटली आणि मी ओठ मिटून बसले. फोन बिघडला नव्हता. आवाजही बसला नव्हता.

जुलैमध्ये मी बिस्किटाच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली. आता एका छोट्या आयात कंपनीत आहे. काम चवीचंच आहे, माझ्याच शिक्षणाचं. पण त्या कामात अशी एक गोष्ट करावी लागते की शपथेचं पहिलं वाक्य माझ्या तोंडून खरं झालं नसतं. खोटं म्हणण्यापेक्षा गप्प बसले. गप्प बसणं हेसुद्धा खोटंच का, याचा विचार करत गुरुवारपासून झोप नीट लागलेली नाही.

याहून जास्त आज लिहवत नाही. दिवाळीपर्यंत वेळ द्याल? मी आजारी नाही, संकटात नाही. तुमचा माझ्यावरचा विश्वास जाईल, एवढीच भीती आहे. ती मोठी आहे.

आईला माझी आठवण सांगा.

गिरिजा

*

फ्रीमाँट,
९ ऑक्टोबर

गिरू,

मी रागावलेलो नाही.

हे वाक्य मी अशा पत्रात नेहमी सर्वांत आधी लिहितो, कारण माणूस तेच आधी शोधतो. इतकी वर्षं केंद्रात येणाऱ्यांना लिहिलं. तुला लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण तूही तितकीच माझी आहेस, किंबहुना जास्त.

तू शपथेला गप्प राहिलीस ही चांगली खूण आहे. जो खोटी शपथ घेतो त्याला वेळ लागतो. जो घेऊ शकत नाही तो अर्धा परत आलेला असतो. तेव्हा घाबरू नकोस. फक्त मला काही प्रश्नांची उत्तरं दे. जमतील तेवढीच दे.

केव्हापासून? एकटी असताना की लोकांबरोबर? सकाळी उठल्यावर आठवण येते का? हात थरथरतात का? ऑफिसात कोणाला माहीत आहे का? झोप येत नाही असं तू स्वतःच लिहिलं आहेस.

आणखी एक. गेल्या महिन्यात कोथिंबीर कशी टिकवलीस ते दाखवायला आईला फ्रिजचा फोटो पाठवला होतास. लिंबाच्या लोणच्यामागे एक काळपट बाटली आहे. आईला वाटलं कोकम सरबत. मी तसंच वाटू दिलं. तिला काहीही सांगितलेलं नाही, अंकुरलाही नाही.

इथे लायब्ररीच्या खोलीत मी शनिवारी आपल्या मराठी लोकांचा एक गट घेतो, तुला माहीत आहे. सगळी तुझ्याच वयाची, चांगल्या नोकऱ्या असलेली माणसं आहेत. तू इकडे ये. नाहीतर मी तिकडे येतो. दिवाळीपर्यंत थांबायचं कारण नाही. या गोष्टीत थांबणं चांगलं नसतं.

तुझा
बाबा

*

प्लेनो,
१४ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र गाडीत बसून वाचलं आणि गाडी सुरूच करता आली नाही. मी पीत नाही. कधीही प्यालेले नाही. एक घोटसुद्धा माझ्या घशाखाली गेलेला नाही. हे आधी.

आता सगळं सांगते. दिवाळीपर्यंत थांबण्यात मीच चूक केली.

आमची कंपनी फ्रान्समधून वाईन आणते. रेस्टॉरंट आणि दुकानांना ती विकताना कोणत्या पदार्थाबरोबर कोणती द्यावी, याची छोटी कार्डं छापावी लागतात. ती कार्डं मी लिहिते. सध्या माझ्याकडे बान्युल्स नावाची एक गोड लाल वाईन आहे. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या सीमेजवळ, समुद्रावर उतरणाऱ्या दगडी उतारांवर तिची द्राक्षं होतात. रस आंबत असतानाच त्यात तीव्र मद्यार्क ओततात. त्यामुळे आंबणं तिथेच थांबतं आणि द्राक्षाची साखर शिल्लक राहते. मग ती वर्षानुवर्षं मुरवतात. तुम्हाला हे वाचायला आवडणार नाही, पण अर्धवट सांगून काय झालं ते आपण पाहिलंच.

तिची चव सुक्या अंजिराची, अक्रोडाची, कोकोची, शेवटी जराशी कॉफीची. डार्क चॉकलेट हा तिचा नेहमीचा जोडीदार, कारण चॉकलेटचा कडवटपणा बहुतेक वाईनना चालत नाही, हिला चालतो. निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबरही छान. तिखटाबरोबर मात्र नाही, तिखटाबरोबर तिच्यातला मद्यार्क तोंडात जाळ करतो. फ्रिस्कोमध्ये केया नावाच्या मुलीचं नवं रेस्टॉरंट आहे. ती इथेच वाढलेली, घरी मराठी बोलते. आठ नोव्हेंबरला ती या वाईनबरोबर आपल्या पदार्थांचं जेवण ठेवते आहे, कार्डं माझी. त्यासाठी मी आईच्या पद्धतीची गूळपोळी करून पाहिली. बाबा, तीळ, गूळ आणि ही वाईन एकमेकांसाठीच असल्यासारखी आहेत. हे लिहिताना मला आनंद झाला आणि लगेच लाज वाटली.

काम असं चालतं. छोटा घोट तोंडात घ्यायचा, फिरवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. सगळेच तसं करतात. मी एक थेंबही गिळत नाही. कामापुरतीच घेते. मला हवं तेव्हा थांबवता येतं. फ्रिजमधली बाटलीसुद्धा कामाचीच आहे, कंपनीने नमुना म्हणून दिलेली.

हात थरथरत नाहीत. आता हे लिहिताना थोडे थरथरताहेत, पण ते तुमच्या पत्राने.

गिरिजा

*

फ्रीमाँट,
१८ ऑक्टोबर

गिरू,

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं.

"कामापुरतीच घेते." "मला हवं तेव्हा थांबवता येतं." "सगळेच तसं करतात." "बाटली माझी नाही, कंपनीने दिली." बेटा, ही वाक्यं मी केंद्राच्या ओसरीवर इतक्या वेळा ऐकली आहेत की ती बोलणाऱ्याआधी मला पाठ असतात. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. तेही खोटं बोलत नसत. त्यांना ते खरंच वाटायचं.

आणि तू ज्या प्रेमाने त्या बाटलीचं वर्णन केलं आहेस, तसं तू कधी कुठल्या बिस्किटाचं केलं नव्हतंस.

थुंकलं म्हणजे झालं, असंही नसतं. तोंडाच्या आतल्या कातडीतून थोडं शरीरात जातंच. तू शास्त्र शिकलीस, तुला हे माहीत असायला हवं.

अंकुरला सांगून सात नोव्हेंबरचं डॅलसचं तिकीट काढलं आहे. त्याला म्हटलं, गिरूचं नवं घर बघायचंय. तुझ्या कामाच्या जागी मी येईन आणि गप्प बसेन. मला फक्त बघायचं आहे. त्यानंतर वाटलं तर आपण दोघं मिळून फ्रीमाँटला परत येऊ.

आई चकल्या पाठवते आहे. तिला अजून काहीच माहीत नाही.

बाबा

*

प्लेनो,
२३ ऑक्टोबर

बाबा,

तुमचं वाक्य बरोबर आहे. मी वाचून पाहिलं, तोंडातून थोडं जातंच. मला हे आधीच माहीत असायला हवं होतं, आणि बहुतेक होतं. मी त्याकडे बघितलं नव्हतं.

पत्र आलं त्याच संध्याकाळी फुंकून दारू तपासायचं छोटं यंत्र विकत आणलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात एक घोट घेतला, थुंकला, फुंकलं. आकडा इतका वर गेला की मी तिथेच खुर्चीत बसले. माझ्याबरोबर काम करणारा कुश म्हणाला, "गिरिजा, या हिशोबाने तू आता जमिनीवर लोळत असायला हवीस." मग त्यानेच समजावलं की तोंडात वाफ राहिलेली असते, थोडं थांबून फुंक. थांबले, पाणी प्याले, फुंकलं. शून्य. पुन्हा फुंकलं. शून्य. तरी घरी जाताना गाडी मी चालवली नाही, कुशने सोडलं. आता यंत्र पर्समध्येच असतं. कॉफीनंतरही फुंकते. कुश मला हवालदार म्हणतो.

पण मुख्य गोष्ट ही नाही. त्या पहिल्या आकड्यानंतर ठरवलं की आता तोंडात घ्यायचीच नाही, नुसत्या वासावर कार्डं लिहायची. वास नाकाने येतो, त्याची शपथ नाही. केयाने गूळपोळीआधी गुलाबजाम ठेवायचे म्हटलं. मी वाईन हुंगली, गुलाबजाम खाल्ला, मनात दोन्ही एकत्र केले आणि कार्ड लिहिलं. काल रंगीत तालीम होती. केयाने गुलाबजाम खाऊन घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"गिरिजा, ही आंबट का लागतेय? सगळी गोडीच गेली तिची."

मला लगेच कळलं. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन फिकी आणि आंबट होते. हा या कामातला अगदी पहिला धडा आहे.

"तू हे टेस्ट तरी केलं होतंस का?"

"नाही."

"मग लिहिलंस कसं?"

बाबा, तिच्या हातात लाल पेन तेवढं नव्हतं.

कार्डावर शंभर माणसं विश्वास ठेवतात. न चाखता लिहिलं तर ते खोटं होतं. चाखून लिहिलं तर शपथ मोडते. दोन्ही गोष्टी मला तुम्हीच शिकवल्यात, आणि दोन्ही एका वेळी पाळायच्या कशा ते सांगितलं नाहीत. मी तक्रार करत नाही. खरंच विचारते आहे. आज सकाळी पुन्हा चाखलं. गुलाबजाम काढून टाकले. कार्ड आता बरोबर आहे आणि शपथ मोडलेली आहे.

तुम्ही या. बघा. तुम्ही बघून म्हणालात की नोकरी सोड, तर सोडेन. पण नुसती पत्रं वाचून म्हणू नका.

चकल्या मिळाल्या. निम्म्या कुशने खाल्ल्या.

गिरिजा

*

फ्रीमाँट,
२८ ऑक्टोबर

गिरू,

मी पत्र लिहिणारी नाही, तुला माहीत आहे. पण तुम्ही दोघं लिहिताय ते बघून राहवलं नाही.

तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत. यांनी दाखवली नाहीत. ते ती पुस्तकात ठेवतात आणि पुस्तकांवरची धूळ मी झटकते. ती बाटली कोकमाची नाही हे मला फोटो आला तेव्हाच कळलं होतं. कोकम सरबताला कोणी बूच लावत नाही. तू पीत नाहीस हेही मला कळतं. लहानपणी खोकल्याच्या औषधाचा चमचासुद्धा तू उरलेला थेंब मला दाखवूनच धुवायचीस, लपवणं तुला जमत नाही.

तुला न सांगितलेली गोष्ट अशी. तुझे बाबा मागचे दोन शनिवार गटाला गेलेले नाहीत. मला म्हणाले, गुडघा दुखतो. गुडघा दुखणारा माणूस अंकुरच्या घराचा जिना दिवसभर वर-खाली करत नाही. गटातल्या त्या देवांगचा फोन आला होता, "काकू, काका कधी येणार? आम्ही नुसते कॉफी पिऊन उठतो." मी यांना खडसावून विचारलं, तेव्हा म्हणाले, "ज्याच्या मुलीला शपथ म्हणता येत नाही, त्याने इतरांना काय सांगायचं?"

तुला अपराधी वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तुला ते तसंही वाटतंच, त्यासाठी माझी गरज नाही. एवढ्यासाठी लिहिते की ते येतील तेव्हा कडक दिसतील. ते कडक नाहीत, घाबरलेले आहेत. तू घाबरलीस की बडबडतेस, ते घाबरले की शिकवायला लागतात.

त्यांच्या बॅगेत स्वेटर वर ठेवला आहे. विमानात घालायला सांग. माझं ऐकत नाहीत.

आई

*

प्लेनो,
१० नोव्हेंबर

आई,

बाबांना आत्ताच विमानात बसवून आले. स्वेटर घातला आहे. फोनवर ते तुला नीट सांगणार नाहीत, आणि मी सांगायला लागले तर रडेन, म्हणून लिहिते.

शुक्रवारी ते माझ्या ऑफिसात आले. कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसले. मी बान्युल्स तोंडात घेतली, फिरवली, थुंकली. पाठीवर त्यांची नजर कळत होती. यंत्रात फुंकलं आणि त्यांना दाखवायला गेले, तर म्हणाले, "मला आकडा दाखवू नकोस. तू काम कर." कुशने त्यांना काका म्हणून गूळपोळीचा तुकडा दिला. खाऊन म्हणाले, "गूळ किंचित जास्त भाजलाय." खरंच जास्त भाजला होता. दिवसभरात ते एवढंच बोलले.

शनिवारी फ्रिस्कोला जेवण. केयाने त्यांना शेवटच्या टेबलावर जागा दिली. त्यांच्या शेजारी एक चाळिशीचे गृहस्थ होते, मराठीच, बायकोबरोबर आलेले. वेटर आला की ते ग्लासवर हात ठेवायचे. बाकीचं टेबल वाईनबद्दल बोलत होतं आणि हे दोघं पाणी पीत होते. दुरून बघितलं तर बाबा त्यांच्याशी क्रिकेटबद्दल बोलत होते. बाबांना क्रिकेटमधलं काही कळत नाही.

शेवटी गूळपोळी आली. छोटी, वाटीत, वर अंजिराचा घट्ट रस. त्या रसात केयाचा शेफ बान्युल्स घालतो. थोडी आटवतो आणि उतरवताना वरून आणखी ओततो, वास राहावा म्हणून. आई, हे मला माहीत होतं. तालमीत मी त्याच्या शेजारी उभी होते. आणि मी कार्डावर लिहिलं होतं, "तीळ-गुळाची पोळी, अंजिराचा रस." एवढंच. वाईनच्या जेवणाला आलेल्या माणसाला वाईन सांगायची काय गरज, असंही मनात आलं नव्हतं. काहीच आलं नव्हतं. कॉफीनंतर यंत्रात फुंकणारी मी, आणि हे मला दिसलं नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. पुढचं नंतर बाबांनी सांगितलं. त्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "काका, यात काही नाही ना? मी सोडलीय." बाबांनी कार्ड उचललं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हे माझ्या मुलीने लिहिलंय. ती न तपासता एक अक्षर लिहीत नाही. निर्धास्त खा. थांबा, आधी मीच खातो."

मला दारातून दिसलं ते एवढंच की बाबांच्या हातात कार्ड आहे, त्यांचा चमचा तोंडाकडे चाललाय आणि शेजारच्या माणसाने चमचा उचललाय.

मी धावले. मध्ये कुणाची तरी खुर्ची लागली. "बाबा, थांबा. खाऊ नका. तुम्हीपण खाऊ नका. यात वाईन आहे." आसपासच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. त्या गृहस्थांनी उचललेला चमचा वाटीत परत ठेवला. बाबांचा घास तोंडात गेला होता. ते गाल फुगवून माझ्याकडे बघत होते, गिळता येईना, टाकता येईना. मी टेबलावरचा रिकामा ग्लास पुढे केला. बाबा त्यात थुंकले.

मग मी तिथेच उभी राहून सगळ्यांना मोठ्याने सांगितलं की मिठाईत वाईन आहे, कार्डावर नाही, चूक माझी. दुसऱ्या एका टेबलावर एका गरोदर बाईने वाटी बाजूला सारली. केया नंतर म्हणाली, "हळू आवाजात सांगता आलं असतं यार, लोकांना वाटलं विष आहे." तिचं पुढचं जेवण आमच्याकडे येईल असं वाटत नाही. त्या गृहस्थांनी जाताना माझ्याशी हात मिळवला. त्यांची बायको मात्र माझ्याकडे बघत नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

घरी येताना मी गाडी चालवत होते. बाबा रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते. मी म्हणाले, "आता तरी म्हणा काहीतरी." तर म्हणाले, "पुढचा सिग्नल लाल आहे."

काल दिवसभर आम्ही बसून सगळ्या जुन्या कार्डांवर पदार्थात काय काय आहे ते लिहिलं. बाबा विचारायचे, मी सांगायची. नोकरी सोड असं ते म्हणाले नाहीत. ठेव असंही म्हणाले नाहीत. आई, त्यांनी माझ्यावर संशय घेतला तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती, जितकी त्यांनी विश्वास ठेवून चमचा उचलला तेव्हा वाटली.

ते घरी आले की कसे वागतात ते मला कळव.

गिरू

*

फ्रीमाँट,
१६ नोव्हेंबर

गिरू,

तुझ्या पहिल्या पत्राला मी जे उत्तर पाठवलं ते तुला नव्हतंच. ते केंद्रात येणाऱ्या माणसाला होतं, वर फक्त तुझं नाव घातलं होतं. तू पीत नाहीस. मी तिथे बसून पाहिलं, आणि खरं तर पाहायची गरज नव्हती.

तुझं काम मला आवडत नाही. ते आता या वयात आवडायला लागणार नाही. तरी ते कसं करावं हे तू मला विचारलं होतंस, म्हणून सांगतो. चाखल्याशिवाय लिहू नकोस. आणि लिहिताना जो पीत नाही त्याच्यासाठी आधी लिही, पिणाऱ्यासाठी नंतर. दोन ऑक्टोबरला तुला गप्प राहायचं असेल तर राहा. मी कारण विचारणार नाही, मला ते माहीत आहे.

एक गोष्ट तुला गाडीत सांगितली नाही. तो घास तोंडात होता तेवढ्या वेळात मला त्याची चव कळली. आधी अंजीर, मग तू लिहिलं होतंस तो कोको, आणि शेवटी घशाकडे सरकणारी एक ऊब. वाईट नव्हती. मी थुंकलो, पाणी प्यालो, आणि तरी विमानात मला ती आठवत होती. घरी आल्यावर आईने आमटी वाढली तेव्हाही आठवली. इतकी वर्षं मी माणसांना सांगत आलो की त्यात आठवण्यासारखं काही नसतं. मला कुणी कधी उलट विचारलं नाही. ती बिचारी माणसं खाली बघून मान डोलवायची. मला आता त्यांच्या माना दिसतात.

काल शनिवारी गटाला गेलो. गुडघ्याचं कारण आईने चालू दिलं नाही. सगळे आले होते. मी आधीच सांगून टाकलं, माझी मुलगी वाईनच्या कंपनीत काम करते, आणि मागच्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडात दारू गेली. कशी गेली तेही सांगितलं. आणि मग सांगितलं की मला ती अजून आठवते आहे आणि त्याची भीती वाटते.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, आता हे उठून जातील. मग देवांग म्हणाला, "चला काका, आलात एकदाचे. आम्हाला वाटायचं तुम्ही नुसते प्राध्यापक आहात."

सगळे हसले. मलाही हसू आलं. मी नेहमी फळ्याजवळ उभा राहून बोलायचो. काल एकाने बाजूची खुर्ची ओढून दिली, आणि मी त्यांच्यात बसलो.

तुझा
बाबा